नव्या प्राध्यापकाला मार्गदर्शन: दोन तास वर्कलोडमध्ये धरावेत का?

जुना_खडू:
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. नवखा रुजू झाला की १६ तास, वर प्रवेश समिती, परीक्षा, नॅकची म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची कामं. प्रश्नपत्रिका कशी काढायची, संशोधनाचा प्रस्ताव कसा लिहायचा, विचारायचं कोणाला? नव्या प्राध्यापकांसाठी 'गुरुदक्षता' प्रशिक्षण वर्ग आहे, पण महिनाभराचा. ज्येष्ठाच्या १४ तासांतले दोन नवख्यासाठी लेखी सोडा. मेहेरबानी नको, वेळापत्रकात नाव हवं.

हिशेबनीस:
सर, ते दोन तास घेणार कोण? तासिका तत्त्वावरचा, तासाच्या पैशांवर शिकवणारा. म्हणजे एकाला घडवायला दुसऱ्याला राबवायचं. आणि विद्यार्थ्यांसाठी मेंटॉर-मेंटी, म्हणजे प्रत्येकाला एक मार्गदर्शक प्राध्यापक, आहेच की! नॅकच्या तपासणीच्या आठवड्यात वर्षभराच्या भेटींच्या सह्या एकाच पेनाने. आता प्राध्यापकांचीही फाइल करू या.

तासिकावाली:
नवखा म्हणजे कायम नेमणुकीचाच, असं धरलंय का सगळ्यांनी? आम्ही वर्षानुवर्षं तासावर शिकवतो, आम्हाला मेंटॉर सोडा, बसायला टेबल नाही. तरी सांगते, मला मार्गदर्शन मिळालं. एक मॅडम स्वतःहून मागच्या बाकावर येऊन बसल्या. तासानंतर म्हणाल्या, "तू फळ्याशी बोलतेस." एवढंच. हे कुठल्या वर्कलोडमध्ये बसवणार?

जुना_खडू:
मॅडम भेटल्या हे तुमचं नशीब. न भेटलेल्यांचं काय? तासिकावाल्यांनाही धरा, माझी हरकत नाही. हिशेबनीस, फाइल खोटी निघते कारण त्या कामाला वेळच दिलेला नसतो.

पुढची_पदोन्नती:
खरी अडचण वेगळीच. मेंटॉर म्हणून विभागप्रमुखांनाच नेमतात. उद्या माझ्या कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या फाइलवर शेरा त्यांचाच. त्यांच्यापुढे "मला वर्ग आवरत नाही" असं कोण कबूल करेल? मेंटॉर दुसऱ्या कॉलेजचा हवा.

हिशेबनीस:
हे पटलं. २०२०च्या शैक्षणिक धोरणात मेंटॉरिंगच्या राष्ट्रीय मिशनसाठी निवृत्त प्राध्यापकही धरलेत, भारतीय भाषांतून शिकवू शकणारे धरून. निवृत्त माणसाच्या हातात आपली फाइल नसते, वर्कलोडचा प्रश्नही मिटतो.

तासिकावाली:
मिटतो कसा? ऐकणाऱ्याला वेळ नको? माझे तास दोन कॉलेजांत वाटलेत, मधला वेळ एसटीत. निवृत्त सरांनी भेटायचं कुठे, स्टँडवर? आणि त्या तासाचे पैसे मला मिळणार का, ते आधी सांगा.