उत्तर: ससा खात नाही, दाढा बघितल्या का?

ससा अचानक खायचा थांबला, काय करू, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत कुणीतरी "एक दिवस वाट बघा, भूक लागली की खाईल" म्हटलंय, ते मात्र ऐकू नका. सशाचं आतडं सतत चालू लागतं. दहा-बारा तास तोंडात काही गेलं नाही आणि लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पोटात गॅस झाला असेल असं बाकी सगळ्यांनी लिहिलंय, पण दाढांचा विषय कुणी काढला नाही म्हणून सांगते.

आम्ही फोंड्याला. गेल्या जुलैत टिमोथी गवताच्या (सशांना देतात ते सुकं गवत) पिशवीला बुरशी आली (इथल्या पावसात चपला हिरव्या होतात, गवताचं काय!), म्हणून महिनाभर नुसते पेलेट (सशाच्या तयार खाद्याच्या गोळ्या) आणि कोथिंबीर. चवथीच्या तोंडावर आमचा भुरू ताटलीपाशी धावत यायचा, पान उचलायचा आणि टाकून द्यायचा. हनुवटी ओली. म्हणजे भूक होती, चावता येत नव्हतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, गवत रवंथ केल्यासारखं घासून खाल्लं तरच झिजतात. पहिल्या डॉक्टरांनी पुढचे दात बघून "ठीक आहे" म्हटलं. दुसरीकडे दुर्बिणीने बघितल्यावर दाढेचं टोक जिभेत रुतलेलं दिसलं. भूल देऊन घासलं. आणि हो, भुलीआधी त्याला उपाशी ठेवू नका असं त्यांनीच सांगितलं, सशाला उलटी होतच नाही. आता गवत थोडं थोडं मागवते आणि तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवते.