नर्सचा पगार गाव बघून ठरवायचा का?

तापीकाठ
मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली आणि जळगावात एका खासगी दवाखान्यात लागली. तिच्याच बॅचची मैत्रीण पुण्यात दीडपट घेते. सलाईन तेच, नाइट ड्युटी तीच. डॉक्टर म्हणतात, 'इथे खर्च कमी, घरचाच डबा खाते ना?' घरचा डबा पगारात कधीपासून धरायला लागले? सरकारी स्टाफ नर्सचं मूळ वेतन नाशिकला आणि जळगावला एकच. फरक घरभाडे भत्त्याचा, कारण त्यासाठी शहरांचे वर्ग आहेत: नाशिक वाय वर्गात, जळगाव त्याखालच्या झेडमध्ये. खासगीतही तेवढाच फरक ठेवा.

चाकणचा_खान्देशी
काका, इथे राहून बघा. कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं, मेसचं जेवण, पहाटे कंपनीची बस. पगार मोठा दिसतो, घरी पाठवायला उरतं तेवढंच. शिवाय पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात मेडिक्लेमवाले पेशंट. आपल्याकडे केळीचा भाव पडला की 'बिल पुढच्या महिन्यात देतो'. त्या डॉक्टरने पुण्याचा पगार आणायचा कुठून?

धुळे_सिस्टर
केळीचा भाव पडला की आमचा पगार लांबतो. भाव चढला म्हणून वाढला, असं मात्र कधी झालं नाही.
सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने खासगी नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमली होती. २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारी नर्सइतका पगार, १०० च्या वर असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत किमान २०,०००. त्यात खाटा मोजल्यात, शहर नाही. आमच्या हाती मात्र शिफारसच राहिली.

आयबीआर_वेल्डर
भो, खर्चाबिर्चावर काही ठरत नाही. माणूस उठून जाऊ शकतो का, हे मालक बघतो. मी बॉयलरच्या ट्यूबा जोडतो, आतला पहिला थर आरगॉन गॅसवर, सिक्स-जी ही वेल्डिंगची अवघड परीक्षा पास. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात दुरुस्तीचं शटडाउन लागलं की ठेकेदार म्हणणार, 'घरून येऊन-जाऊन काम आहे, कमी घे.' मी म्हणतो, मग सुरतजवळ हजिऱ्याच्या कारखान्यांत निघालो. भुसावळला रात्री गाडीत बसलो की सकाळी सुरत, हे त्यालाही माहीत. गुमान तिकडचा रेट देतो.
पण हाच मी फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्रिल जोडायला बसलो तर गावचाच रोज मिळणार. ट्यूबचा जॉइंट एक्सरेत पास व्हावा लागतो, ग्रिलचा कोण तपासतो?

चाकणचा_खान्देशी
मी तरी दुसरं काय म्हणतोय? काका, पोरीला पुण्याला धाडा, डॉक्टर आपोआप वाढवतील.

धुळे_सिस्टर
माझी सासू अंथरुणाला, पोरगा चौथीत. मी कोणत्या गाडीत बसू ते सांगा भाऊ. 'मिस्टर इथेच असतात ना?' हे मुलाखतीत उगीच विचारत नाहीत. त्या उत्तरावर आकडा ठरतो.

सातपुडा_पायथा
आमच्याकडे उलटं आहे. अक्कलकुवा, धडगावसारख्या आदिवासी भागात सरकारी कर्मचाऱ्याला २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. म्हणजे खर्च कमी तिथे पगार जास्त! तरी माणूस टिकत नाही. हजर झाला की बदलीच्या मागे. राहायला धड खोली नाही, पोरांना शाळा नाही. काका, सगळीकडे सारखा पगार केलात तर चांगली नर्स पहिल्या गाडीने पुण्याला जाईल. आडबाजूला जास्तच मोजावे लागतील.

तापीकाठ
जास्त राहू द्या, आधी सारखे तर देऊ द्या. दवाखाना ३० खाटांचा आहे. सिस्टरनी सांगितलेला २०,००० चा आकडा डॉक्टरांना उद्याच दाखवतो.

धुळे_सिस्टर
दाखवा, पण मुलीला विचारून. तिथे उद्या रात्री ड्युटी तिला करायची आहे, तुम्हाला नाही.