पहिल्यांदाच क्रूझवर जात आहोत : बोट लागण्याची भीती, कागदपत्रे आणि तयारीबद्दल मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरचा. चाटी गल्लीत आमचे कापडाचे छोटे दुकान आहे. दिवाळीत आणि लग्नसराईत गल्ल्यावरून उठता येत नाही आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरलेले असते. त्यामुळे लग्नाला एकतीस वर्षे होऊनही आम्ही दोघेच असे चार दिवस कुठे राहिलेलो नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि एकदा सगळ्या कुटुंबासह महाबळेश्वर, एवढाच आमचा प्रवास. यंदा मुलगा दुकान सांभाळायला तयार झाला आहे आणि मुलीने आम्हां दोघांना क्रूझवर पाठवायचा हट्ट धरला आहे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ठरतो आहे. समुद्र आमच्या गावापासून शेकडो किलोमीटर दूर असल्याने ओळखीपाळखीत विचारावे असे कोणी नाही, म्हणून हा धागा.

समोर दोन पर्याय आहेत. पहिला, मुंबईहून निघून गोव्याला जाऊन परत येणारी दोन रात्रींची सफर. दुसरा, सिंगापूरहून निघून मलेशिया आणि थायलंडच्या बंदरांना जाणारी चार रात्रींची सफर, ज्यासाठी विमानाचा खर्च वेगळा. मुलीचा कल दुसऱ्याकडे आहे, माझा पहिल्याकडे. सौ. म्हणते की समुद्रात बुडायचेच असेल तर आपल्या देशात बुडू. (तिच्या एका कोकणातल्या आत्याने रामदास बोट बुडाल्याची गोष्ट सांगून ठेवली आहे, तेव्हापासून हा विनोद घरात चालू आहे, पण त्यातला अर्धा भाग विनोद नाही, हे मला कळते.)

खरी अडचण तिला गाडी लागते ही आहे. महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात आम्हांला चार वेळा गाडी थांबवावी लागली होती. रेल्वेत मात्र तिला काहीही होत नाही, आणि संभाजी तलावातल्या नौकेत पाव तास बसली तेव्हाही काही झाले नाही; अर्थात तलावावरून समुद्राची परीक्षा होत नाही, हे मी जाणतो. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. घाटाच्या वेळी औषधाच्या दुकानातून घेतलेल्या गोळीने उलटी थांबली, पण ती दिवसभर झोपून राहिली. एवढे पैसे खर्चून जहाजावर झोपूनच राहायचे असेल तर घरची चादर काय वाईट आहे? म्हणून पहिला प्रश्न असा की, घाटात ज्याला गाडी लागते त्याला मोठ्या जहाजावर बोट लागतेच का, आणि लागत असेल तर आधीपासून काय करावे?

याच्याशीच केबिनचा प्रश्न जोडलेला आहे. बिनखिडकीची, खिडकीची आणि बाल्कनीची अशा तीन प्रकारच्या खोल्या असतात, इतके समजले. एजंट वरच्या मजल्यावरची, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाची बाल्कनी घ्या असे सुचवतो, कारण तिथून देखावा चांगला दिसतो. आमच्यासारख्यांनी बाल्कनीवर जास्तीचे पैसे घालणे शहाणपणाचे आहे का?

कागदपत्रांत एक गुंता आहे. सौ.चा पासपोर्ट माहेरच्या नावाने निघालेला आहे आणि आधार कार्ड सासरच्या नावाने. तिकीट कोणत्या नावाने काढावे?

पैशांचे म्हणाल तर एजंटाने आधी जो आकडा सांगितला, त्यात नंतर बंदराचे शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची टीप अशी भर पडून तो बराच फुगला. भाड्यात नेमके काय धरलेले असते, हे एकदा नीट कळले तर बरे होईल.

शेवटचा प्रश्न जेवणाचा. आम्ही शाकाहारी आहोत आणि सौ. एकादशी कडक पाळते. सोबत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि थोडे राजगिऱ्याचे लाडू नेलेले चालतात का? मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघावे की सकाळच्या वंदे भारतने, यावरही मत द्यावे.

प्रतिसाद १

नमस्कार. मी ठाण्याची. यजमान आणि मी गोव्याची सफर केली आहे आणि नंतर सिंगापूरचीही, म्हणून सविस्तर लिहिते.

बोट लागणे आणि गाडी लागणे यांचे मूळ एकच आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग शरीर हलते आहे असे सांगतो आणि डोळ्यांना मात्र समोरच्या भिंती स्थिर दिसतात. या विसंगतीने मळमळते. तरीही घाटातली वळणे आणि मोठ्या जहाजाची संथ हालचाल यांत फार फरक आहे. शिवाय मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात, ते डोलणे बरेच कमी करतात. तुम्ही निवडलेला महिनाही चांगला आहे, कारण अरबी समुद्र खवळतो तो जून ते सप्टेंबर. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, हे आत्याबाईंना जरूर सांगा.

केबिनबाबत एजंटाचे ऐकू नका. पाळण्याच्या टोकाला बसलेल्याला झोका जास्त बसतो, तसेच जहाजाचेही आहे. पुढचे टोक आणि वरचे मजले जास्त हलतात, मधला भाग आणि खालचे मजले कमी. तुमच्यासाठी खालच्या मजल्यावरची, मध्यभागाची, खिडकीची खोली उत्तम, कारण क्षितिजाकडे पाहत राहिल्याने मळमळ शमते. बाल्कनी असलीच तर मध्यभागी असावी. नसली तरी बिघडत नाही, मोकळा डेक सगळ्यांचाच असतो. रिकाम्या पोटी राहू नये आणि अति तेलकटही खाऊ नये. आल्याच्या वडीने मला उपयोग झाला. प्रोमेथाझिनच्या गोळीने झोप येते, तुमच्याकडे बहुधा तेच झाले असावे. त्यापेक्षा कमी गुंगी आणणारी औषधे मिळतात, पण रक्तदाबाची गोळी चालू असल्याने ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत, आणि त्रास सुरू होण्याच्या आधी घ्यावीत, नंतर फारसा उपयोग होत नाही.

नावाचा गुंता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोव्याच्या सफरीला सरकारी छायाचित्र ओळखपत्र पुरते. तेव्हा तिकीट आधारवरच्या नावाने काढा आणि तेच आधार दाखवा. सिंगापूरला जायचे असेल तर विमान, व्हिसा आणि जहाज, सगळीकडे पासपोर्टवरचेच नाव हवे. तिथे आणखी एक मेख आहे. जहाज सिंगापूर सोडून जाते आणि परत येते, त्यामुळे एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, आणि पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. माझे मत विचाराल तर यंदा गोवाच करा. दोन रात्रींत वहिनींना समुद्र मानवतो की नाही ते कळेल, आणि नाही मानवला तर चार रात्री अडकून पडावे लागणार नाही.

भाड्यात साधारणपणे खोली, मुख्य भोजनगृहातले जेवण आणि करमणुकीचे बरेचसे कार्यक्रम येतात. मद्य, खास उपाहारगृहे, मसाज, इंटरनेट आणि बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे पडतात. जहाजावर रोख चालत नाही. खोलीच्या कार्डावर खर्च चढत जातो आणि शेवटी एकदम बिल येते, म्हणून रोज संध्याकाळी हिशेब पाहत जा. तुम्ही दुकानदार आहात, तुम्हांला हे सांगायला नको.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात काही गोष्टी राहिल्या आहेत. बाहेरचे, विशेषतः घरी केलेले खाणे बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. वेष्टनबंद कोरडे पदार्थ काही कंपन्या चालवून घेतात, तेव्हा आरक्षण करतानाच लेखी विचारून घ्यावे. मुंबईच्या सफरीत शाकाहारी आणि जैन जेवण मिळते. एकादशीचे आधी कळवावे, निदान फळे आणि दूध मिळण्यात अडचण येऊ नये. इस्त्री, पाणी तापवायची कांडी, उदबत्ती आणि निरांजन मात्र नेऊ नका, आगीच्या धोक्यामुळे ते काढून घेतात.

मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात आणि त्या खोलीवर पोहोचायला काही तास लागतात. म्हणून गोळ्या, ओळखपत्रे आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा. किनारा दूर गेला की फोन विमान मोडवर ठेवा, नाही तर जहाजावरच्या नेटवर्कचे बिल भाड्याशी स्पर्धा करते.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते, ती टाळू नका. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज कलंडले तेव्हा नव्याने चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ती घेण्याचा नियम झाला. वहिनींच्या मनातली भीतीही ती कवायत पाहून पुष्कळ कमी होईल असे मला वाटते.

गाडी सिद्धेश्वरच. वंदे भारत साडेबाराच्या सुमारास मुंबईला पोहोचते आणि तिला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. सिद्धेश्वरने सकाळी उतरलात की जहाज सुटते तो बॅलार्ड पिअर हा धक्का सीएसएमटी स्थानकापासून अगदी जवळ आहे, टॅक्सीने सहज जाता येते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मुलीला दोन्ही प्रतिसाद वाचायला दिले आणि गोव्याचे नक्की झाले आहे. आज एजंटाला मध्यभागाची, खालच्या मजल्यावरची, खिडकीची खोली आधारवरच्या नावाने पाहायला सांगितली, आणि सर्व कर धरून अंतिम आकडा लेखी मागितला आहे. सौ. उद्या डॉक्टरांकडे गोळीचे विचारायला जाणार आहे. भाकरी आणि चटणी नेऊ देणार नाहीत हे ऐकून ती जरा खट्टू झाली, पण सिद्धेश्वरमध्ये बसल्यावर रात्री खायला तरी बांधून घेऊ, असे आमचे ठरले.