मदत हवी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ ला ८१ ने भाग जातो, पण का?

भाची आठवीत आहे. शाळेच्या गणित मंडळासाठी तिला गणिती द. रा. कापरेकरांवर तक्ता करायचाय. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक सगळेच लावतात, म्हणून आम्ही डेम्लो संख्या घेतल्या. (देवळालीच्या या मास्तरांना ही कल्पना ज्या स्टेशनवर सुचली ते तेव्हाचं डेम्लो, म्हणजे आजचं डोंबिवली. मी रोज सकाळी तिथून लोकल पकडतो. पाय ठेवायला जागा नसते, संख्या कुठल्या सुचतायत!)

नुसत्या एकांच्या संख्येचा वर्ग केला की डेम्लो संख्यांचा मनोरा उभा राहतो. ११ चा १२१, १११ चा १२३२१, असं करत नऊ एकांचा वर्ग शीर्षकातला. त्याच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने निःशेष भागही जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे कापरेकरांचीच हर्षद संख्या (आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणारी).

अडलंय ते इथे. ९ ची कसोटी अंकांच्या बेरजेवर चालते, पण ८१ ची तशी चालत नाही ना? १८९९ ची बेरीज २७ आहे, तरी २७ ने भाग जात नाही. मग हा योगायोग का? १२३२१ ला जमतं, १२१ ला नाही.

शिवाय स्प्रेडशीटमध्ये संख्या टाकली की शेवटी ३२१ च्या जागी ३०० दिसतं. बेरीज ७८ आली आणि भाची म्हणाली, "मामा, तुझंच चुकलंय."

प्रतिसाद १
योगायोग नाही. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून त्या संख्येला ९ ने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने. राहिली वर्गाच्या अंकांची बेरीज. उभा गुणाकार मांडा: एकेक घर सरकवलेल्या नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक. कुठल्याच रकान्यात ९ च्या वर जात नाही, हातचा येत नाही, म्हणून ८१ पैकी एकही एक हरवत नाही.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० होतात आणि मनोरा ढासळतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. दर हातच्याला बेरजेतून ९ कमी होतात. इथे हातचे दोन, म्हणून १०० चे ८२ उरले. संख्या विषम, भाजक सम, विषय संपला.

१२१ चं उत्तर यातच आहे. ११ ला २ ने भाग जात नाही. नऊपर्यंत हे फक्त १, ३ आणि ९ एकांना जमतं.

प्रतिसाद २
स्प्रेडशीट पहिले १५ अंकच धरते, तुमची संख्या १७ अंकी. तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग आकडे टाइप करा. दिसेल नीट, पण त्यावर हिशोब करू नका.

धागाकर्ता
दोघांचे आभार! नऊ ओळी चौकटीच्या कागदावर काढून झाल्या. आता भाची विचारतेय, २७ एक घेतले तर?