भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर आपल्या पैशाने करून घ्यावं का?

कडीकोयंडा
भाड्याच्या घरात स्वयंपाकघराला हात लावू नये, असं जो तो सांगतो. मला ते पटत नाही. रोज जिथे तासन् तास उभं राहायचं ती जागा धड नसेल, तर "घर कुठे आपलं आहे" म्हणत पाठदुखी सोसण्यात कसली हुशारी? ओटा आपल्या कोपरापेक्षा १०-१५ सेंमी खाली असावा. बहुतेक घरांत तो ८५-९० सेंमी असतो, आमचा त्याहून बुटका. खालच्या कपाटांना ट्रॉल्या नाहीत, मागचा डबा काढायचा तर गुडघ्यावर बसून अर्धं अंग आत घालायचं. घरमालक नाही म्हणत नाहीत, पण खर्चही करणार नाहीत. आम्ही तीन वर्षं तरी हलणार नाही. तेव्हा लेखी परवानगी घ्यावी आणि सरळ काम काढावं, असं माझं मत.

रोखठोक
काढा की, पण आधी हिशेब करा. सहा महिन्यांच्या भाड्याएवढा खर्च आला आणि ३६ महिने राहिलात, तर भाडं सहाव्या हिश्श्याने वाढलं असं समजा. तेवढं जादा भाडं देऊन बऱ्या स्वयंपाकघराचं घर नसतं का मिळालं? आणि तीन वर्षं हा तुमचा बेत झाला. करारात नोटीस किती दिवसांची आहे ते बघा. उद्या मालकाने घर विकायला काढलं की जाहिरातीत "नवीन किचन" असं झळकेल, आणि ते तुमच्या पैशाचं असेल.

कडीकोयंडा
घर बदलायला काय पैसे पडत नाहीत? सामानाची वाहतूक, नवं डिपॉझिट, पोरांची शाळा लांब पडते ती वेगळीच. हेही धरा हिशेबात.

रंधा
फर्निचरची कामं करतो म्हणून सांगतो. करावं की करू नये यापेक्षा, जाताना काय उचलून नेता येईल ते आधी ठरवा. मापात ठोकलेली ट्रॉली पुढच्या घरात बसेलच असं नाही. त्याऐवजी फिरवून कमी-जास्त होणाऱ्या पायांची सुटी कपाटं घ्या. दगडी ओटा उचकटू नका. त्यावर जाड फळीला पाय लावून ठेवलीत तर चिरणं-कापणं तरी बरोबर उंचीवर येईल. सिंकमध्ये उंच जाळी ठेवून वर घमेलं ठेवलं की वाकणं कमी होतं.

स्वस्तातला सगळ्यात मोठा बदल म्हणजे शटर, म्हणजे कपाटांची दारं. कपाटांची खोकी तीच ठेवायची, नुसती शटर नवी करायची. आत बसणाऱ्या बिजागरीला ३५ मिमीचं भोक लागतं, ते जुन्या शटरवरून माप घेऊन त्याच जागी मारून घ्या, म्हणजे खोक्यात नवे स्क्रू मारावे लागत नाहीत. जुनी शटर गुंडाळून माळ्यावर टाका, जाताना परत चढवा.

सिंकखाली मात्र पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, नको. कडेची पट्टी जरा सुटली की तो पाणी पितो, फुगतो, आणि वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. मग स्क्रू धरत नाही, बोटाने दाबलं की भुगा पडतो. तिथे पाण्याला टिकणारा प्लायच घाला. चिकटवायच्या टाइल्सचंही तसंच: शेगडीमागे उष्णतेने त्यांच्या कडा उचलतात. काढताना हेअर ड्रायरने गरम करून हळूहळू ओढा, नाहीतर खालच्या रंगाचे पापुद्रे निघतात आणि डिपॉझिटातून कापले जातात.

घरधनी
आता जरा आमचंही ऐका, मी भाड्याने देणारा माणूस. एका भाडेकरूने सोयीसाठी सिंक दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. पाइपाला ढाळ उरला नाही. पाणी तुंबायला लागलं, जोडातून झिरपलं आणि खालच्यांच्या छताला ओल आली. तोवर तो घर सोडून गेलेला. खालचे लोक माझ्या दारात. दुसऱ्याने चिमणीच्या नळीसाठी बाहेरच्या भिंतीला १५० मिमीचं भोक पाडलं, तेही न विचारता. सुटी कपाटं आणा, शटर बदला, माझं काही म्हणणं नाही. पाणी, गॅस, वायर आणि भिंत यांना हात लावायचा नाही.

रोखठोक
मग त्यांना तुम्ही हात लावा ना! जुन्या घरांत ओट्यावर पॉइंट एक नाहीतर दोन. २००० वॅटची इंडक्शन, तेवढीच किटली आणि ओव्हन, सगळं एका एक्स्टेंशनवर. वायर तापून काही झालं तर ओल परवडली म्हणाल. ही कामं मालकाच्या खर्चाची आहेत. भाडेकरू "आपणच करून घेऊ" म्हणतात म्हणून मालक शेफारतात. कडीकोयंडाताई, तुम्हालाही हेच सांगतोय.

घरधनी
वायरिंग मान्य. पण चालू स्थितीतली कपाटं तुम्हाला आवडत नाहीत म्हणून मी का बदलू?

तिसरा मजला
आमच्या मालकांनी खर्चाचा अर्धा वाटा भाड्यातून वळता केला. मात्र करारासोबत पुरवणी जोडली: काय काय करणार त्याची यादी, आधीचे फोटो, जाताना काय न्यायचं, आणि "मूळ स्थितीत" म्हणजे नेमकं कशा स्थितीत. मालकाने मुदतीआधी घर रिकामं करायला लावलं तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात खर्च परत, हे कलम सर्वांत महत्त्वाचं. निव्वळ परवानगीच्या मेसेजला काही अर्थ नाही.

कडीकोयंडा
पुरवणीचं आवडलं. शटर आणि फळी लगेच करून घेते, ट्रॉल्यांचं पुरवणीवर सही झाल्यावर. रोखठोक, मालकाच्या नावाने बोटं मोडत तीन वर्षं वाकून उभं राहायला मी काही तयार नाही. घरधनी, तुम्ही कराल का हो अशी सही? आणि काम झाल्यावर "आता किचन छान झालंय" म्हणून भाडं वाढवणार नाही, हेही त्यात लिहाल?

घरधनी
खर्च परत देण्याचं लिहीन. भाड्याचं नाही लिहिणार.

रोखठोक
घ्या!