स्कूटरला दोन चार्जर एकदम लावले तर चालेल का?

घरचा_डबा (कोपरखैरणे)
माझा डब्यांचा धंदा आहे. दुपारी महापे, रबाळे, ऐरोली, दोन फेऱ्या मिळून ४८ किलोमीटर. अडीचला घरी येते तेव्हा स्कूटर २० टक्क्यांवर. साडेपाचला परत निघायचं, वाशी-सानपाडा-नेरुळ, ३६ किलोमीटर. मधल्या तीन तासांत चार्जिंग जेमतेम पन्नासपर्यंत जातं. परवा येताना जुईनगरला बंद पडली. मुलगा मागून ढकलतोय, रिकामे डबे खडखडतायत, लोक बघतायत.

बॅटरी लिथियम, ६० व्होल्ट ३० एएच (अँपिअर-तास). चार्जरवर ६७.२ व्होल्ट ६ अँपिअर लिहिलंय. रात्री दहाला लावला की सकाळी सातला हिरवा दिवा. आधीच्या स्कूटरचा एक चार्जर पडून आहे, त्यावरही ६० व्होल्टच लिहिलंय आणि पिन अगदी बरोबर बसते. दोघांच्या वायरी जोडून एकदम लावले तर निम्म्या वेळात होईल ना? चार्जर ओट्याखाली पिठाच्या डब्याशेजारी असतो. तापतो एवढा की वर पापड भाजून निघेल, पण ते पहिल्यापासूनच आहे.

घणसोली_७०१
ताई, आधी तो ओट्याखालून काढा. वर गॅस, खाली चार्जर, हे काय!

सोल्डरवाला (वागळे इस्टेट)
ताई, थांबा, अजून काही जोडू नका. जुन्या स्कूटरमध्ये बॅटरी कुठली होती? १२ व्होल्टच्या लेड अ‍ॅसिडच्या पाच, असं धरून लिहितो.

"६० व्होल्ट" हे नुसतं हाक मारायचं नाव आहे. तुमच्या लिथियम पॅकमध्ये एकामागोमाग १६ सेल आहेत, प्रत्येकी ४.२, म्हणजे फुल झाल्यावर ६७.२. लेड अ‍ॅसिडचा ६० व्होल्टचा चार्जर ७३च्या आसपास जातो. भागिले १६ करा, सेलला साडेचारच्या वर. ४.२चा सेल तिथवर न्यायचा नसतो. मधे बीएमएस असतं, म्हणजे बॅटरीवर पहारा करणारं सर्किट, ते चार्जिंग तोडेल. पण ते दाराची शेवटची कडी आहे, रोज धक्के मारायला नाही. त्यातला मॉसफेट, म्हणजे तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, कधीतरी शॉर्ट होऊन बसला की अडवणारं कुणी नाही. पिन बसते म्हणून चार्जर बसतो असं नसतं.

आता मूळ प्रश्न. फुल व्होल्टेज एकच असलेले दोन चार्जर समांतर लावले तर करंटची बेरीज होते, हे खरं. शेवटी ज्याचं व्होल्टेज किंचित कमी तो आधी गप्प होतो, दुसरा उरलेलं भरतो. पण पॅकवर स्टिकर असेल, कमाल चार्जिंग करंट किती ते बघा. शिवाय पोर्टची आणि आतली वायर एकाच चार्जरच्या हिशेबाने टाकलेली असते. घरी वाय-केबल, म्हणजे दोन चार्जरची एकत्र जोडलेली वायर, केली आणि एकच चार्जर लावला, तर दुसऱ्याच्या मोकळ्या पिनांवर बॅटरीचा अख्खा व्होल्टेज उभा असतो. ओल्या फरशीवर, स्टीलच्या डब्यांच्या घरात!

मला खटकलं ते वेगळंच. ३० एएचला ६ अँपिअर म्हणजे पाच तास, शेवटी करंट उतरतो त्याचा एखादा तास. सहात व्हायला हवं, तुम्ही नऊ म्हणता. तीन तासांत १८ एएच, म्हणजे ६० टक्के भरायला हवं, तुमचं ३० भरतंय. तुमचा चार्जर अर्धाच करंट देतोय. काही चार्जर तापले की स्वतःच करंट कमी करतात. पंखा फिरतो का ते ऐका. उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका उरलेला असतो. दुकानात न्या.

निवृत्त_वायरमन (कळवा)
वरच्या भाऊंना दुजोरा. एकच भर: एवढं फिरून आलेली बॅटरी तापलेली असते, मे महिन्यात तर विचारू नका. अर्धा तास सावलीत उभी करा, मग लावा. आणि दाराच्या वाटेत लावू नका, काही झालं तर बाहेर पडायचं कुठून?

घरचा_डबा (कोपरखैरणे)
भाऊ, स्टिकर सापडला, कमाल १० अँपिअर. दोन मिळून १२ झाले असते.

दोन्ही चार्जर कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेले. जुन्याला मीटर लावलं, ७३.६. नव्याचा पंखा फिरतच नव्हता. स्क्रू काढून झाकण उचललं तर जाळीपासून पात्यांपर्यंत कणीक! दमट हवेत थापून बसलेली, पोळपाटाला चिकटते तशी. तो म्हणाला, ताई, हा चार्जर आहे की परात? ब्रशने झाडून नवा पंखा बसवला, दीडशे रुपये घेतले.

रात्री दहाला लावला, चारला पाणी प्यायला उठले तर हिरवा. आज साडेपाचला निघताना ७८ होते. तापतो अजून, पण हात ठेवता येतो. आता बाहेरच्या खोलीत फळीवर ठेवलाय. बॅटरी आधी गार करायची म्हटली तर माझा अर्धा तास जातोय, काका, तेवढं रोज जमेल असं नाही.

जुन्याची पिन कापून भंगारात दिला. मुलाला माहीत होतं ना ती बसते ते.