वाडीतल्या दूधवाल्या पोराला स्प्लेंडर द्यावी की घरीच ठेवावी?

कोयनाकाठ:
माझी २००३ ची हिरो होंडा स्प्लेंडर विकायला काढली आहे. गिऱ्हाईक आलंय. जुन्या शाळेच्या वरच्या वाडीतला पोरगा, माझाच विद्यार्थी. दोन वेळा तीन वाड्यांचं दूध गोळा करून डेअरीला घालतो. सोळा हजार देतो म्हणाला, आठ आत्ता, आठ दिवाळीला. बायको म्हणते देऊन टाका. मुलगी म्हणते, "बाबा, सोळा हजारांसाठी?" भावानं तर हा विषयच माझ्याशी बंद केलाय.

पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर एकोणीस वर्षं काढली, रोज जाऊन-येऊन ४२ किलोमीटर. २०११ ची जनगणना हिच्यावरच केली. पोषण आहाराची भाजी, तेलाचे डबे, परीक्षेचे गठ्ठे, शाळेत ताप भरलेलं पोर, सगळं हिच्याच सीटवरून गेलं. मीटर ९९,९९९ वरून एकदा शून्यावर आला आणि आता परत ६८ हजारांवर आहे. इंजिन एकदाच उतरवलं, २०१४ ला, बोअर-पिस्टनला. २०१८ ला आणि २०२३ ला रिपासिंग, म्हणजे आरटीओत तपासून नोंदणीचं नूतनीकरण, करून घेतलं, त्यामुळे २०२८ पर्यंत कागद चालू आहेत.

आता बदली कराडजवळ झाली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि गाडी किकची. आठ महिने पडवीत उभी आहे. माझं म्हणणं एवढंच: ती कामाची गाडी आहे, कामाच्याच माणसाकडे जावी. चुकतंय का?

आरएक्स_सांगली:
गुरुजी, चुकतंय. मी २००१ ला माझी यामाहा आरएक्स १०० नऊ हजारांना दिली. लग्न ठरलं होतं, पैशाची नड होती. ती गाडी १९९६ ला बंदच झाली, आता नीट ठेवलेल्या गाडीला लोक लाखाच्या वर मागतात. पण मला पैशाचं दुःख नाही. टू-स्ट्रोकचा तो आवाज रस्त्यावर आला की आजही मान वळते आणि नंबर बघतो. चोवीस वर्षं बघतोय. माझ्यावर तेव्हा वेळ आली होती, तुमच्यावर आलेली नाही. थर्ड पार्टी विम्याला वर्षाला हजाराच्या आतच लागतात. पडवीत जागा आहे. मग घाई कसली? पोराला दुसरी जुनी स्प्लेंडर मिळेल, गावोगाव आहेत. तुम्हाला ही परत मिळणार नाही.

पान्हापेटी:
माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच काम. आरएक्सदादा, तुमचं दुःख कळतं, पण उभी गाडी म्हणजे काय ते मी रोज खोलून बघतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट थर बसतो, जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक छिद्रं, बुजतात. टाकी अर्धी रिकामी असली की आतून गंज धरते. ऑइल सील वाळतात, टायरला चिरा पडतात, ब्रेक ड्रमला धरतात. पाटणकडचा पावसाळा असेल तर उंदीर वायरिंग खातात ते वेगळंच. "आठवण म्हणून ठेवलीय" म्हणणारे पाच-सहा वर्षांनी टेम्पोत घालून आणतात, आणि तोवर काम गाडीच्या किमतीवर गेलेलं असतं. ठेवायचीच तर दर आठवड्याला दहा किलोमीटर फिरवायला माणूस पाहिजे. गुरुजींचा गुडघा असा असताना कोण फिरवणार? या गाडीचा प्रत्येक पार्ट तालुक्याला मिळतो. दूधवाल्याकडे गेली तर अजून दहा वर्षं पळेल. द्या.

सावली_नाशिक:
मला दोघांचंही पटत नाही. विकायला हरकत नाही, पण ओळखीच्या माणसाला विकू नका. आमच्या वडिलांनी त्यांची गाडी गल्लीतल्याच एकाला दिली. पुढची सहा वर्षं रोज संध्याकाळी ती त्यांच्या समोरून जायची. आधी आरसा गेला, मग सीट फाटली, मग साइड पॅनल तारेनं बांधलं. वडील काही बोलायचे नाहीत. फाटकाशी उभे राहून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "टॅपेट सेट करायला झालेत," म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह जुळवायला हवेत. त्या माणसाला सांगू शकत नव्हते, कारण गाडी आता त्याची होती. तुमच्या गाडीवर दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकणार, चढाला पहिल्या गिअरवर रेटली जाणार. गुरुजी, तुम्ही त्या वाडीत लग्नाकार्याला जाणारच ना? बघवेल का?

कागद_आधी:
भावनेचं काय ते तुम्ही ठरवा, पण "आठ आत्ता, आठ दिवाळीला" हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. माझी जुनी गाडी मी कोऱ्या टीटी फॉर्मवर (गाडी नावावर करायचा अर्ज) सही करून दिली होती, घेणारा "करून घेतो" म्हणाला. वर्षभर त्याच्या दंडाची चलनं माझ्या मोबाइलवर येत होती. अपघात झाला नाही हे माझं नशीब. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की गाडी हातोहात चार जणांकडे गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईला तोच मालक धरायचा. म्हणजे दिवाळीपर्यंत त्या पोराच्या हातून काही घडलं आणि गाडी तुमच्याच नावावर असली, तर नोटीस तुम्हाला येणार. नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० दोघांनी भरा, राज्यातल्या राज्यात आरटीओला कळवायची मुदत चौदा दिवसांची आहे. नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली नसेल तर आधी ती लावा, त्याशिवाय नावावर होत नाही. विमाही त्याच्या नावावर वळवायला लावा. हप्त्याचे पैसे मागून आले तरी चालतील, नाव आधी बदला.

हिरवी_टेकडी:
वेगळं सांगतो, राग मानू नका. बावीस वर्षांची गाडी म्हणजे बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांच्या कितीतरी आधीचं इंजिन, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा पत्ता नाही. तिचा धूर तुम्ही दुसऱ्याच्या हाती देताय. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या, नोंदणी रद्द करा. आपल्या गाडीचा शेवट आपणच करावा.

पान्हापेटी:
@हिरवी_टेकडी, नवीन स्प्लेंडर पाऊण लाखाच्या घरात जाते. दुधावर पोट असणारा पोरगा तेवढे आणणार कुठून? मग तो धूर ओकणारी, ऑइल पिणारी कुठलीतरी गाडी घेणार. नीट सांभाळलेली फोर-स्ट्रोक लिटरला साठच्या आसपास देते. पीयूसी काढून बघा आणि मग बोला. चालू गाडी भंगारात घालायला माझा हात उचलत नाही.

कोयनाकाठ:
सगळं वाचलं. कागदांचं पटलं, त्याला तसं सांगितलंय. नावावर झाल्याशिवाय चावी देणार नाही.

सावलीताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. खरं आहे, कॅन लटकणार. पण ताई, मीही तिला जपून चालवली नाही. गुडघाभर पाण्यातून काढली, हेळवाकच्या पुढे रस्ता खचला तेव्हा चार जणांनी उचलून पलीकडे नेली. तिच्या टाकीवरचा पोचा माझ्याच हातचा आहे. मी जे केलं तेच तो करणार, मग मला वाईट वाटायचा हक्क किती?

आरएक्सदादा, तुमचं मात्र डोक्यातून जात नाही. हा पोरगा चौथीत असताना हात मोडला होता. याच गाडीवर पुढे बसवून त्याला पाटणच्या दवाखान्यात नेलं, वाटभर तो टाकी धरून बसला होता. दुसऱ्या कुणाला दिली असती तर बहुतेक तुमच्यासारखा मीही नंबर बघत फिरलो असतो.

आरएक्स_सांगली:
गुरुजी, हे आधी सांगायला हवं होतं. तरीही मी मत बदलत नाही. त्या पोराला पैशाची मदत करा, दुसरी घेऊन द्या, पण ही ठेवा. वर्षभरानं गुडघा बरा होईल, तेव्हा पडवीत जाऊन उभे राहाल आणि तिथं फक्त ऑइलचा डाग असेल.

सावली_नाशिक:
देणारच असाल तर एक करा. त्याला पहिल्याच दिवशी सांगा की दर तीन महिन्यांनी गाडी घेऊन घरी यायचं. आमच्या वडिलांना जे बोलता आलं नाही ते तुम्ही आधीच बोलून ठेवा.

कोयनाकाठ:
सांगतो. गुरुवारी कराडला आरटीओत जातोय, तोही येणार आहे. मुलीनं काल पडवीत जाऊन गाडी पुसली. बोलली काही नाही, फक्त दुसरी चावी कुठे ठेवलीय ते विचारलं.